विश्लेषण : २०हून अधिक कंपन्यांनी नाकारलेली ‘झेरॉक्स’ जंगलातल्या गावापर्यंत कशी आली?

चंद्रपूर असो की गडचिरोली, ब्रह्मपुरी असो की धानोरा, तहसील कार्यालयाच्या आसपास झेरॉक्सचे दुकान सापडतेच. सातबारा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, वनहक्काचा दावा, काहीही करायचे तर आधी प्रत काढावी लागते. ही प्रत काढण्याचे तंत्र एका गरीब न्हाव्याच्या मुलाने शोधले. ते लोकांपर्यंत पोहोचायला २१ वर्षे लागली. चेस्टर कार्लसन यांच्या आयुष्याची आणि त्यांच्या शोधाने कलेत व सरकारी कागदात काय बदलले याची ही ओळख.

कार्लसन कोण होते?

चेस्टर फ्लॉइड कार्लसन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात झाला. वडील न्हावी होते. क्षयरोग आणि मणक्याच्या संधिवाताने ते लवकरच कामातून गेले. उपचारासाठी कोरडी, उबदार हवा हवी म्हणून कुटुंब भटकत राहिले आणि अखेर कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोजवळ स्थिरावले. चेस्टर आठव्या वर्षापासून लहानमोठी कामे करत होते. चौदाव्या वर्षी घर मुख्यतः त्यांच्याच कमाईवर चालू लागले. सतरा वर्षांचे असताना आई क्षयाने गेली. त्यानंतर बापलेक ज्या खोलीत राहिले ती मुळात कोंबड्यांचे खुराडे होती.

छपाईचे वेड मात्र लहानपणापासून होते. एका छापखान्यात काम करताना त्यांनी मजुरीच्या बदल्यात एक जुने छपाई यंत्र मिळवले आणि रसायनशास्त्राची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी छोटे मासिक काढले. खिळे जुळवण्याची कटकट इतकी होती की ते दोन अंकांतच बंद पडले. कागदावर शब्द उमटवणे एवढे अवघड का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला.

काम करत करत ते शिकले. १९३० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. ते महामंदीचे दिवस होते. त्यांनी ८२ कंपन्यांना अर्ज पाठवले. उत्तर दोघांकडून आले आणि नोकरी एकानेही दिली नाही. पुढे न्यूयॉर्कमध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये काम मिळाले, तेही १९३३ मध्ये गेले. अखेर ते पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट विभागात लागले. हीच कंपनी पुढे ड्युरासेल बॅटरीमुळे जगभर ओळखली गेली.

कंटाळ्यातून शोध कसा लागला?

पेटंट विभागातले काम म्हणजे कागदांचा ढीग. एका अर्जाच्या अनेक प्रती लागत. टंकलेखनात कार्बन पेपर घालून काही प्रती निघत, पण आकृत्यांचे काय? त्या एकतर हाताने काढायच्या, नाहीतर फोटोस्टॅट करायला बाहेर पाठवायच्या. फोटोस्टॅट म्हणजे मोठा कॅमेरा, रसायनांची भांडी, ओला कागद, वेळ आणि खर्च. आपल्याकडच्या कचेऱ्यांत कार्बन पेपर आणि सायक्लोस्टाइल ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही अडचण सांगायला नको. सायक्लोस्टाइलवर शेकडो प्रती निघतात, पण त्यासाठी आधी स्टेन्सिल कापावे लागते. समोर असलेल्या कागदाची जशीच्या तशी एक प्रत हवी असेल तर ते कामाचे नाही.

त्यात १९३६ पासून कार्लसन रात्रीच्या वर्गात कायदा शिकू लागले. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून ते पानेच्या पाने हाताने उतरवून घेत. वडिलांसारखाच संधिवात त्यांनाही जडला होता. बोटे दुखत, नजर अधू. नक्कल करण्याचे कष्ट हा त्यांच्यासाठी रोजचा त्रास होता.

मोठमोठ्या कंपन्या रसायनांच्या वाटेने शोध घेत आहेत, तिथे आपला निभाव लागणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून वेगळी वाट धरली. प्रकाश पडला की काही पदार्थांतून वीज वाहू लागते आणि अंधारात ती अडते, हा गुण भौतिकशास्त्राला ठाऊक होता. हंगेरीचे शास्त्रज्ञ पाल सेलेनी यांनी विद्युतभार आणि पूड वापरून चित्र उमटवण्याचे प्रयोग केले होते. ते कार्लसन यांच्या वाचनात आले. प्रकाश आणि स्थिर वीज एकत्र आणली तर शाई आणि पाण्याशिवाय प्रत काढता येईल, असे त्यांना वाटले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी पेटंटसाठी पहिला अर्ज केला. तोवर हातात एकही प्रत नव्हती, केवळ कल्पना होती.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी काय घडले?

प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात सुरू झाले. जस्ताच्या पत्र्यावर गंधक वितळवायचे म्हणजे धूर आणि कुजक्या अंड्यांसारखा वास. अखेर न्यूयॉर्कमधील अॅस्टोरिया या वस्तीत सासूबाईंच्या मालकीच्या इमारतीतली एक खोली प्रयोगशाळा झाली. मदतीला ऑटो कोर्नाई हे ऑस्ट्रियातून आलेले निर्वासित अभियंता होते. त्यांनाही काम मिळत नव्हते.

त्या दिवशी कोर्नाई यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि वस्तीचे नाव लिहिले. खोलीत अंधार केला. सुती रुमालाने गंधकाचा थर घासला, त्यामुळे त्यावर विद्युतभार आला. मग त्यावर काच ठेवून काही सेकंद दिव्याचा प्रखर प्रकाश टाकला. काच उचलून पत्र्यावर लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड भुरभुरली आणि हलकेच फुंकर मारली. सुटी पूड उडून गेली. अक्षरांच्या जागी चिकटलेली पूड तशीच राहिली. मेण लावलेला कागद त्यावर दाबून गरम केल्यावर अक्षरे कागदावर आली. जगातली ही पहिली कोरडी छायाप्रत.

कोर्नाई यांना यात भविष्य दिसले नाही. काही महिन्यांत ते दुसऱ्या नोकरीवर गेले. पुढे यश आल्यावर कार्लसन यांनी त्यांची आठवण ठेवून त्यांना कंपनीचे १०० शेअर भेट दिले.

हे तंत्र काम कसे करते?

प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून चिकटतात. झेरॉक्स यंत्रात हेच घडते, फक्त नेमक्या जागी.

यंत्रात एक गोल नळकांडे असते, त्याला ड्रम म्हणतात. त्यावरचा थर अंधारात विद्युतभार धरून ठेवतो. काचेवर ठेवलेल्या कागदावर प्रकाश पडतो. कागदाचा पांढरा भाग प्रकाश परत फेकतो आणि तो ड्रमवर पडतो तिथला भार निघून जातो. काळ्या अक्षरांवरून प्रकाश परतत नाही, म्हणून तिथला भार टिकतो. ड्रमवर आता अक्षरांचे न दिसणारे चित्र तयार असते. टोनर म्हणजे काजळी आणि प्लास्टिकची अतिबारीक पूड. तिचा भार उलटा असल्याने ती अक्षरांच्या जागीच चिकटते. मग कागद खालून जाताना त्याला ड्रमपेक्षा जास्त ओढ लावणारा भार दिला जातो आणि पूड कागदावर येते. शेवटी गरम रूळ प्लास्टिक वितळवून अक्षरे पक्की करतो. दुकानातून मिळालेली प्रत हाताला कोमट लागते ती यामुळेच.

पाऊस आणि ऊन दोन्ही टोकाचे असलेल्या या भागात दुकानदाराला हे शास्त्र अनुभवाने कळते. पावसाळ्यात कागद ओल धरतो. ओलसर कागदावर भार नीट टिकत नाही, प्रत फिकट येते आणि कागद यंत्रात अडकतो. म्हणून रिमचे वेष्टन लागेल तेव्हाच फोडायचे, उरलेला कागद गुंडाळून ठेवायचा. तंत्राचे नाव कोरडे आहे ते उगाच नाही.

कंपन्यांनी ते का नाकारले?

६ ऑक्टोबर १९४२ रोजी पेटंट मिळाले, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. १९३९ ते १९४४ या काळात कार्लसन यांनी २०हून अधिक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए, कोडॅक अशी मोठी नावे त्यांत होती. प्रात्यक्षिकात दिसायचे ते एवढेच की पूड लावलेल्या पत्र्यावरून अंधूक अक्षरे उमटतात. कार्बन पेपर स्वस्तात मिळत असताना यावर पैसा का घालायचा, असा विचार करणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. प्रत हवी म्हणजे मूळ कागद लिहितानाच ती काढायची, अशी सगळ्यांची सवय होती. नंतर कधीही, कुठल्याही कागदाची प्रत काढता येईल, ही गरज कोणाच्या मनातच नव्हती. या ओढाताणीत कार्लसन यांचे पहिले लग्नही टिकले नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. पुढच्या वर्षी त्यांनी डॉरिस हजिन्स यांच्याशी विवाह केला.

१९४४ मध्ये ओहायो राज्यातील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने काम हाती घेतले. तिथे गंधकाच्या जागी सेलेनियम आले आणि प्रत कितीतरी स्पष्ट झाली. त्यानंतर रॉचेस्टर शहरातील हॅलॉइड नावाच्या छोट्या कंपनीने हक्क घेतले. फोटोचा कागद बनवणारी ही कंपनी त्याच गावातल्या कोडॅकच्या सावलीत होती. तिचे प्रमुख जो विल्सन यांनी या एका तंत्रावर कंपनी पणाला लावली. ग्रीक भाषेत झीरॉस म्हणजे कोरडे आणि ग्राफीन म्हणजे लिहिणे. त्यावरून ‘झेरोग्राफी’ हे नाव ठरले. पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, ते जगाला जाहीर करण्यात आले.

‘९१४’ने काय बदलले?

१९४९ मध्ये आलेले पहिले यंत्र हाताने चालवावे लागे आणि एका प्रतीसाठी अनेक टप्पे होते. खरा बदल १६ सप्टेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये दाखवलेल्या ‘झेरॉक्स ९१४’ने झाला. ९ बाय १४ इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत निघते म्हणून हे नाव. यंत्राचे वजन जवळपास ३०० किलो होते. कागद अडकून तापला तर पेट घेण्याचा धोका होता, म्हणून सोबत आग विझवण्याचे छोटे साधनही दिलेले असे.

विल्सन यांनी यंत्र विकण्याऐवजी भाड्याने द्यायचे ठरवले. महिना ९५ डॉलर, त्यात दोन हजार प्रती आणि त्यापुढे प्रत्येक प्रतीला वेगळे पैसे. जाणकारांनी फार मागणी येणार नाही असे सांगितले होते. घडले उलटे. यंत्र कार्यालयात आले की लोक आधी कधी न काढलेल्या प्रती काढू लागले. १९६१ मध्ये कंपनीचे नावच झेरॉक्स कॉर्पोरेशन झाले.

भारतात १९८३ मध्ये मोदी समूह आणि रँक झेरॉक्स यांची मोदी झेरॉक्स ही कंपनी उभी राहिली. त्या दशकात इतर कंपन्यांची यंत्रेही आली, पण कंपनीचे नाव भाषेत क्रियापदासारखे रुळले. आज यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, मराठी माणूस झेरॉक्सच काढतो.

मिळालेल्या पैशाचे काय केले?

पेटंटच्या रॉयल्टीने आणि शेअरने कार्लसन अमेरिकेतील अतिश्रीमंतांत जाऊन बसले. राहणी मात्र साधीच राहिली. शेवटच्या वर्षांत त्यांनी सुमारे १० कोटी डॉलर वाटून टाकले, बहुतेक दाने नाव न सांगता. शिक्षणसंस्था, संशोधन, जागतिक शांततेसाठी काम करणाऱ्या संस्था आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ यांना त्यांनी मदत केली. डॉरिस यांच्यामुळे ते वेदान्त आणि झेन विचारांकडे वळले होते आणि ध्यानधारणा करत. १९ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमधील एका चित्रपटगृहात बसलेले असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ६२ होते.

कलावंतांनी या यंत्राचे काय केले?

कचेरीसाठी बनवलेले यंत्र कलावंतांच्या हाती लवकरच गेले. डिस्नेच्या १९६१ मधील ‘१०१ डाल्मेशियन्स’ या चित्रपटात रेखाचित्रे झेरोग्राफीने थेट पारदर्शक पट्ट्यांवर उतरवण्यात आली. ठिपक्याठिपक्यांची एवढी पिल्ले प्रत्येक चित्रात हाताने गिरवणे अशक्यप्राय खर्चाचे होते. चित्रकाराची खडबडीत रेघ पडद्यावर जशीच्या तशी दिसली. पण रेषा हाताने शाईने गिरवणाऱ्यांचे कामही त्यामुळे गेले.

इटलीतील ब्रुनो मुनारी यांनी १९६०च्या दशकात वेगळाच उपयोग शोधला. यंत्राचा प्रकाश फिरत असताना ते काचेवरचा कागद सरकवत. अक्षरे आणि आकृत्या ताणल्या जात, लाटांसारख्या वाकत. यंत्राने नक्कल करायची, तर त्यातून दुसरी कधीच निघणार नाही अशी प्रत तयार होई. लॉस एंजेलिसच्या बार्बरा स्मिथ यांनी १९६६ मध्ये चक्क ‘९१४’ भाड्याने घेऊन घरच्या जेवणाच्या खोलीत ठेवले आणि स्वतःच्या शरीराच्या, घरातल्या वस्तूंच्या प्रती काढून त्यांची पुस्तके बांधली. शिकागोच्या कला महाविद्यालयात सोनिया शेरिडन यांनी १९७० मध्ये अशा यंत्रांवर आधारित अभ्यासक्रमच सुरू केला. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९८६ मध्ये एकच कागद वेगवेगळ्या रंगांच्या टोनरमधून पुन्हा पुन्हा काढून चित्रे केली.

कार्लसन गेले त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘झेरॉक्स बुक’ या नावाने ओळखले जाणारे पुस्तक निघाले. सात कलावंतांना प्रत्येकी २५ पाने दिली होती. गंमत अशी की सगळी आवृत्ती झेरॉक्सवर काढणे महाग पडले, म्हणून ते ऑफसेटवर छापावे लागले.

मराठीत प्रतींच्या स्वस्ताईचा उपयोग साहित्याने आधीच केला होता. १९५०च्या दशकात मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर, म्हणजे चक्रमुद्रित रूपात निघत होते. प्रकाशकाने दार उघडले नाही तरी कविता वाचकापर्यंत जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

हा प्रयोग कोणालाही करता येतो. सागाचे किंवा तेंदूचे पान यंत्राच्या काचेवर ठेवले, वर पांढरा कागद ठेवला, की शिरान् शिर कागदावर उतरते. काचेला टेकलेला भाग स्पष्ट येतो, वर उचललेला भाग धूसर होत काळोखात जातो. चित्रकलेच्या तासाला यापेक्षा स्वस्त छापचित्र मिळणार नाही. फक्त पान कोरडे हवे आणि काचेवर ओरखडे पडता कामा नयेत.

वनहक्कात छायाप्रतीला महत्त्व का?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. देशात झेरॉक्स पसरण्याचा काळही तोच. सिरोंचासारख्या टोकाच्या तालुक्यातून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर. इतक्या लांब मूळ कागद देऊन परत येणे म्हणजे तो हरवण्याची टांगती तलवार. मूळ कागद घरी आणि प्रत कचेरीत, ही सोय इथे चैनीची नाही.

वनहक्क कायदा २००६ चा आणि त्याचे नियम २००८ चे. वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. सामूहिक दाव्यासाठी निस्तार पत्रक, जुने अभिलेख, नकाशे, वयोवृद्धांचे जबाब असे पुरावे लागतात. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. आपण काय दिले होते, हे दाखवायला स्वतःकडे प्रत नसेल तर दाद मागायची कशाच्या जोरावर? माहितीच्या अधिकारात पानाला २ रुपये भरून सरकारी फायलीची प्रत मिळते, तीही याच तंत्राने.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक. २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्याआधी अनेक वर्षे या दोन जिल्ह्यांतल्या जंगलांचा बांबू कागद कारखान्यांकडे जात होता. बल्लारपूरला त्याचा कागद होई. जंगलातून बांबू गेला आणि कागद होऊन कचेरीत आला. जंगलावरचा हक्क मागायलाही कागदच लागला. मेंढ्याचे यश झेरॉक्सचे नाही. ते वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेचे आहे. पण कागदाची लढाई लढायची तर आपल्या कागदाची प्रत आपल्याकडे असावी लागते.

मोबाइलच्या काळात हे तंत्र संपले का?

नाही. १९७०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीतच गॅरी स्टार्कवेदर यांनी दिव्याच्या जागी लेझर किरण वापरून लेझर प्रिंटर तयार केला. व्हॉट्सअॅपवर आलेला पीडीएफ दुकानात जाऊन प्रिंट करून घेतला, आणि प्रिंटर लेझर असेल, तर आजही आत ड्रम, विद्युतभार, टोनर आणि गरम रूळ हेच काम करतात. ग्रंथालयात दुखऱ्या बोटांनी पाने उतरवणाऱ्या एका विद्यार्थ्याने ही युक्ती काढली. आता एखाद्या ग्रामसभेला ठरावाची प्रत काढायला दोन-चार रुपये आणि एक मिनिट पुरतो. कोणताही अर्ज देताना एक जादा प्रत काढून त्यावर कार्यालयाचा आवक शिक्का आणि तारीख घ्यायला मात्र विसरू नये.